आठ अक्षरांत मावेल तेवढंच

३ जानेवारी, शनिवार. पौष पौर्णिमा.

आज सकाळी साडेनऊ वाजता, सरावलीच्या राहत्या घरी, चहाचा दुसरा कप समोर असताना माझं शेपूट कापण्यात आलं. वेदना झाल्या नाहीत, म्हणून अन्याय लहान ठरत नाही. मी नारायणराव, एकोणीस वर्षं डहाणू-तलासरीचा वार्ताहर. बायकोच्या, म्हणजे सरिताच्या यंत्रात हौसेने स्वतःचं नाव टाकायला गेलो, तर NARAYANR इथवर येऊन यंत्राने हात वर केले. पुढचे A आणि O उंबऱ्याबाहेरच उभे. आमचा उपसंपादकही माझ्या बातमीचा शेवट कापतो, पण तो निदान 'जाहिरात आली' असं कारण देतो. यंत्र कारणही देत नाही.

सरिता म्हणाली, "आठच अक्षरं चालतात त्यात. इंग्रजी, आणि तीही मोठी."

"आणि ज्याचं नाव दहा अक्षरांचं आहे त्याने?"

"त्याने चहा प्यावा. गार होतोय."

हे यंत्र म्हणजे आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. आकाराने मध्यम पापलेट, पडदा काडेपेटीएवढा. माझ्या बहिणीची, वेणूताईची मुलगी हेतल कॅनडात एका कॉलेजात शिकवते. तिथे नवे आले, म्हणून तिने जुने सात मामीला पाठवले. सहा सरिताच्या तलासरीच्या शाळेत गेले, एक घरी राहिला. त्यात गणिताची कृती एकदा लिहून ठेवायची, तिला नाव द्यायचं, मग यादीतून नाव निवडलं की यंत्र आपलं आपण गणित सोडवून दाखवतं. अशा कृतींना प्रोग्राम म्हणतात. पोरांनी लाटेसारखी रेघ काढून दाखवली की सरिता स्वतःच टाळ्या वाजवते. वय वर्षं अठ्ठेचाळीस.

५ जानेवारी, सोमवार.

यादी पाहिली. चौतीस प्रोग्राम. लिहायला हात धजत नाही, तरी पुराव्यासाठी लिहितो: A, AA, B1, X, XX, NAVIN, NAVIN2, NAVIN3, KHARANAV, BAPRE.

"KHARANAV म्हणजे काय?"

"खरा नवीन. जागा संपली."

"BAPRE?"

"पहिल्याच फटक्यात बरोबर चाललं ते."

"आणि हे AHO?"

"ते लिहीत होते तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत. अर्धंच राहिलं."

मी संस्कृत घेऊन एम.ए. झालेला माणूस. माझ्या वडिलांनी, ज्यांची होडी होती, तेव्हा फक्त एकच प्रश्न विचारला होता: या भाषेत बोंबील विकता येतात का? येत नाहीत. पण त्या भाषेने मला एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे वस्तूला तिचं योग्य नाव आणि योग्य जागा दिली की अर्धं जग सुधारतं. उरलेलं अर्धं मी बातम्या लिहून सुधारणार होतो.

सरिताला म्हटलं, "हे सगळं मी लावून देतो."

ती म्हणाली, "मला सापडतं सगळं."

अव्यवस्थित माणसं नेहमी हेच म्हणतात.

६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी.

मोठा शोध लागला. या यंत्रात एकदा ठेवलेलं नाव बदलता येत नाही! त्याला तशी कळच नाही. एकच वाट आहे. दोन यंत्रं वायरने जोडायची आणि प्रोग्राम एकातून दुसऱ्यात पाठवायचा. त्या दुसऱ्या घरी त्याच नावाचं कोणी आधीपासून असलं, तर ते यंत्र दारातच विचारतं: नवं नाव देऊ, जुन्याला पुसून याला बसवू, की याला परत पाठवू? तेव्हा नवं नाव द्यायचं. म्हणजे नाव बदलायचं तर घर बदलावं लागतं.

मी हे सरिताला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती उपासाची साबुदाणा खिचडी परतत होती.

"मला नवीन नाही ते," ती म्हणाली.

खरंच की. माहेरी ती हर्षदा. लग्नात सरिता हे नाव मी निवडलं. अर्थ, नाद, वजन, सगळं पाहून निवडलं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने मीच लिहिलं.

"तुलाही आवडलं होतं," मी आठवण दिली.

"मी तुमच्या समोर बसले होते. मला उलटं दिसत होतं."

"मग मान का हलवलीस?"

"वाचायला बघत होते."

आणि माझ्या नावाचं काय? चोवीस वर्षांत तिने ते एकदाही उच्चारलेलं नाही. वर्गात पोरांना पायथागोरसचं प्रमेय नाचत शिकवणारी बाई, पण घरात 'अहो'. हळदीकुंकवाला बायका उखाण्याचा आग्रह धरतात तेव्हा ती 'वार्ताहर' म्हणून यमक जुळवते. सासूबाईंची शिकवण, म्हणजे माझ्या आईची. आई गेली, शिकवण राहिली.

८ जानेवारी, गुरुवार.

सरिता आंघोळीला गेलेली, यंत्र ओट्यावर उघडं. पडद्यावर होतं:

H=?10
N=?10
UDYA

प्रोग्रामचं नाव JAUKINKO. जाऊ की नको, एक A पोटात घातलेला. आत काय लिहिलंय ते मी उघडून पाहिलं नाही. दुसऱ्याचं पत्र आणि दुसऱ्याचा प्रोग्राम वाचू नये.

"हे कसलं आहे गं?"

ती केस पुसता पुसता थांबली. "ते होय? बसचं आहे. तलासरीच्या."

आता उलगडलं. H म्हणजे हायवेवरची गर्दी, N म्हणजे नाक्यावर थांबायची मिनिटं. दोन्ही दहा असली तर उद्या जावं. पण ही तर रोज जाते! मग यंत्राचा सल्ला घेते कशाला? बायकांचं गणित. ही ओळ तिला दाखवायची नाही.

१० जानेवारी, शनिवार.

सरिताने शाळेतलं एक यंत्र आठवडाभरासाठी घरी आणलं. दोन घरं झाली, नामकरण सुरू.

यंत्राला गुणकर्मविभाग कळत नाही, फक्त ABCD कळते. म्हणून पद्धत अशी ठरवली की आरंभी विभागाचं एक अक्षर घालायचं. भूमितीला B, बीजगणिताला J, प्रवासाला P. पुढे शुद्ध, अर्थवाही नाव. उदाहरणार्थ 'समभुजत्रिकोणक्षेत्रफल'. ते BSAMABHU झालं. नाक्यावरच्या खानावळीसारखं दिसतं, पण दिसण्यावर काय आहे? मग 'समभुजत्रिकोणपरिमिती' पाठवलं. तेही BSAMABHU! यंत्राने विचारलं, नाव बदलू, पुसू की परत पाठवू? मी वैतागून मधली कळ दाबली. क्षेत्रफल गेलं. दीड महिन्याची सरिताची मेहनत, एका कळीत.

आमच्या मोठमोठ्या शब्दांची वरात अशीच निघते. बँडवाले पुढे, नवरदेव सगळ्यात शेवटी. आणि यंत्र आठव्या माणसापाशी दार लावून घेतं.

सरिताला सांगायला जीभ रेटेना. शेवटी सांगितलं. तिने चार मिनिटांत सगळं परत लिहून काढलं आणि नाव ठेवलं AHO2.

११ जानेवारी, रविवार.

सकाळी आतून आवाज आला, "अहो! माझं जाऊ की नको कुठे गेलं?"

आवाज असा, की मी वर्तमानपत्र टाकून धावलो. दुधावर आलेल्या मांजरीवरही ती इतकी ओरडत नाही.

"आहे, आहे. फक्त P खाली हलवलंय. प्रवास विभागात."

"कुठे?"

"प्रवास विभागात."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली. हसत हसत खाली बसली, पदराने डोळे पुसले, परत हसली. "प्रवास विभागात! बरोबर आहे तुमचं. अगदी बरोबर विभागात टाकलंत."

माझ्या वर्गीकरणाचं हे पहिलंच मनापासूनचं कौतुक. मलाही हसू आवरेना. दोघंही बराच वेळ हसत होतो. बाहेरून शेजारचा संदीप डोकावून गेला, टीव्हीवर काय लागलंय बघायला.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

वेणूताई तिळगूळ आणि सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आली. माझी थोरली बहीण. खाडीकाठी तिचं मासळी सुकवायचं अंगण आहे, डहाणूच्या बाजारात दाराशी पहिला ओटा. यंत्र बघून म्हणाली, "काय रे नारू, बायकोचा मोबाईल सुजला का?"

मी तिला सांगितलं की सरिताने तिचाच प्रोग्राम केलाय, भरतीचा. ताईचा नियम सगळ्या किनाऱ्याला पाठ आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आज एकादशी. सरिताने अकरा टाकलं. पडद्यावर लाट उठली, खाली आकडा, ८.२५.

"आठ पॉईंट पंचवीस काय?" ताई म्हणाली. "सव्वाआठ म्हण की सरळ! सव्वा म्हणायला लाज वाटते का त्याला?"

"कॅनडातून आलाय ताई," सरिता म्हणाली.

"माझी पोर पण तिथंच आहे. ती अजून सव्वाच म्हणते." मग तिने नाव विचारलं. मी VENU ठेवलं होतं. ते यादीत सगळ्यात तळाला.

"तळाला? मी? बाजारात पहिला ओटा कोणाचा?"

"ताई, यंत्र ABCD प्रमाणे..."

"त्या एबीसीडीला पण सांग. पहिला ओटा ज्याचा, पहिली बोहनी त्याची. आत कोपऱ्यात बसवलंस तर माझी लाट कोण घेईल?"

मी AVENU केलं. वर AHO बसलेलं. शेवटी AAVENU केलं तेव्हा ती पहिल्या ओट्यावर बसली आणि तिळगूळ दिला.

जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "नारू, तुला भात लावता येतो का रे?"

"कुकर आहे की."

"शिट्ट्या मोजायला माणूस लागतं."

पन्नाशी ओलांडल्यावर ताईला एकदम माझ्या भाताची काळजी का पडावी? वय झालं तिचं.

१७ जानेवारी, शनिवार.

माझ्या कामाचा संसर्ग घरात पसरला आहे! सरिताने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तूरडाळ, मूगडाळ, 'ही मेथी, मोहरी नव्हे'. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी सात खणांची डबी आणली, वारांची नावं घालून. गॅसच्या वर कागद: 'बंद केला का?' आणि दुपारी मला उभं करून भात लावायला शिकवला. मी चौथ्या शिट्टीला बातमीचा मथळा सुचला म्हणून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा दहावी होत होती.

"त्याची आता खळ झाली," ती म्हणाली. "कपड्यांना घाला."

"मला हे सगळं कशाला?"

"तुम्हाला नावं ठेवायला आवडतात ना? मग डब्यांची पण पाठ करा."

शिष्या गुरूच्या पुढे चालली आहे. बडोद्याला भाविकला फोन करून सांगितलं की तुझ्या आईला माझं वळण लागलं. पोरगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही दोघं बोलता ना एकमेकांशी?" मी म्हटलं, अरे, हसून हसून पोट दुखतं.

१९ जानेवारी, सोमवार.

तलासरीला गेलो. चारोटीला बस बदलून हायवेची पकडली. शुक्रवारी वसंतपंचमीला शाळेत पुण्याहून पाहुणे यायचे आहेत, सरिताचा तास बघायला. काहीतरी तपासणी असावी, तिने नीट सांगितलं नाही. म्हणून शाळेची सहाही यंत्रं लावून देणं हे माझं कर्तव्य होतं. सरिता वर्गावर असताना तिच्या सहकाऱ्याला, गंजाडच्या लाहू सरांना, हाताशी घेतलं.

लाहू सर म्हणाले, "दादा, एवढा विचार कशाला? आमच्यात सोपं असतं. आई बुधवारची, तिचं नाव बुधी. प्रोग्राम ज्या वाराला झाला त्या वाराचं नाव ठेवायचं."

"आणि बुधवारी दोन झाले तर?"

"एक मोठी बुधी, एक धाकटी. घरात कोणी हरवत नाही."

माझ्या सगळ्या शास्त्रापेक्षा हे बरं वाटलं, पण ते मी त्यांना बोलून दाखवलं नाही. सहाही यंत्रांत घरच्यासारखीच मांडणी केली. पहिल्या ओट्यावर ताई.

"बरं झालं," लाहू सर म्हणाले. "मॅडम नसल्या तरी आम्हाला सापडायला पाहिजे."

"मॅडम असतातच की."

लाहू सर वायर गुंडाळायला लागले. फार वेळ गुंडाळत होते.

२३ जानेवारी, शुक्रवार. वसंतपंचमी.



वर्गात चाळीस मुलं, मागे पुण्याचे तीन पाहुणे, त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन मी. सरिताने फळ्यावर भिंतीला टेकलेली शिडी काढली. शिडी जितकी उभी, तितका आलेख कसा चढतो, ते दाखवायचं होतं. मुलांना म्हणाली, "प्रोग्रामची कळ दाबा. आता एक दाबा."

गेलं वर्षभर एकवर शिडी होती. आज एकवर वेणूताई.

सहा यंत्रांवर सहा वेळा उमटलं: TITHI=?

सरिताने मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला चोवीस वर्षांत तीनदा मिळाली आहे. दुसऱ्यांदा मी तिची वह्यांची पिशवी रद्दीत दिली होती.

मग तिने खडू खाली ठेवला. "शिडी राहू दे. आज तिथी कोणती?"

"वसंतपंचमी!" वर्ग ओरडला.

"म्हणजे किती टाकायचे?"

"पाच!"

सहा पडद्यांवर लाट उठली. मुलं एकमेकांच्या अंगावर पडून बघायला लागली. खाली ३.७५. लाहू सर मागून स्वतःच मोठ्याने म्हणाले, "पण समुद्राला कसं कळतं, आज पंचमी आहे ते?" आणि वर्ग पेटला. चंद्र, पृथ्वी, फळ्यावर वर्तुळं, दोन मुली चंद्र होऊन एका मुलाभोवती फिरतायत. कोणीतरी म्हणालं, खरं आहे कशावरून? सरिताने सरळ वेणूताईला फोन लावला, स्पीकरवर.

"ताई, आज भरती किती वाजता?"

"पावणेचार." मागे बाजाराचा गलका. "पण तू तलासरीत बसून भरती कशाला विचारतेस गं? डोंगराला पाणी लागणार आहे का?"

चाळीस मुलं बाकांवर हात आपटून हसली. पाहुण्यांतले वयस्कर गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. तास संपल्यावर ते माझ्याकडे आले, वार्ताहर समजून. म्हणाले, "लिहा तुमच्या पेपरात. अशा बाईंनी राज्यभरच्या शिक्षकांना शिकवायला हवं. दोन वर्षांसाठी पुण्याला बोलावलंय आम्ही. पत्र डिसेंबरातच दिलंय, पण मॅडम अजून हो म्हणत नाहीत. एकतीस तारीख शेवटची. कुठे अडलंय, कळत नाही."

मी त्यांच्या नावाची आद्याक्षरं विचारली. मग हुद्दा विचारला. बातमी माझ्या घरातली, माझ्यासमोर उभी, आणि मी आद्याक्षरं लिहून घेत होतो.

बसमध्ये सरिता माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. "डोंगराला पाणी लागणार आहे का!" पुन्हा पुन्हा. मीही हसलो. काहीच विचारलं नाही.

२५ जानेवारी, रविवार.

ती बाजारात गेली आहे. मी दुसऱ्याचा प्रोग्राम उघडला. पाप नोंदवून ठेवतो.

सगळा मिळून दहाबारा ओळींचा. H मोठा असेल तर पडद्यावर JA. N मोठा असेल तर NAKO. दोन्ही सारखे असतील तर UDYA. सुरुवातीला, स्वतःला आठवण म्हणून लिहितात तशा, अवतरणात दोन ओळी:

"H=HARSHADA KHUSH 0-10"
"N=NARU EKTA 0-10"

हायवे नाही, नाका नाही.

हे यंत्र शेवटचे आकडे लक्षात ठेवतं. H विचारला, दहा. N विचारला, दहा. म्हणजे महिनाभर रोज सकाळी माझ्या चहाआधी ती हेच टाकत होती. स्वतःला दहा, मला दहा, आणि रोजचं उत्तर उद्या.

बराच वेळ त्या दुसऱ्या ओळीकडे बघत बसलो. आठ अक्षरांची अट फक्त प्रोग्रामच्या नावाला आहे. आत हवं तेवढं लिहिता येतं. तिला नारायणराव सगळं लिहिता आलं असतं, 'अहो' लिहिता आलं असतं, 'वार्ताहर' लिहिता आलं असतं. तिने नारू लिहिलं. आणि स्वतःला मी दिलेलं नाव लिहिलं नाही.

मग मी प्रोग्राम चालवला. H ला दहा. तो तिचा आकडा, त्याला हात लावला नाही. N ला शून्य.

JA.

यंत्र तसंच ओट्यावर ठेवून दिलं, 'ही मेथी, मोहरी नव्हे'च्या डब्याशेजारी.

२६ जानेवारी, सोमवार.

झेंडावंदन करून आली, पाणी प्यायला आत गेली. पाणी पिण्याचा आवाज अर्ध्यावर थांबला.

"शून्य कोणी टाकलं?"

"ज्याचा आकडा त्याने."

"उघडून वाचलंत?"

"वार्ताहर आहे मी. उशिरा कळतं, पण कळतं."

ती दारात आली. हातात यंत्र, पदराला झेंड्याची पिन. "दहा शिट्ट्यांचा भात खाणारा माणूस, आणि शून्य?"

"आता पाचवर आलोय. विचार कुकरला."

"रक्तदाबाची गोळी?"

"सोमवारच्या खणातली घेतली. बघ, रिकामा आहे."

"सरकली असेल मंगळवारात." पण तिने उघडून पाहिलंच. रिकामा होता. "दर शनिवारी येईन मी. ताई येऊन जाऊन असतीलच. भाविक म्हणाला..."

"भाविकला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. लाहू सरांची आई पण विचारत होती, मॅडम कधी निघतायत."

म्हणजे गंजाडच्या बुधीला माझ्या आधी कळलं! एकोणीस वर्षांची पत्रकारिता. मी हसायला लागलो, मग तीही. मी म्हटलं, "एवढं सगळं लिहिलंस, आता एकदा तोंडाने म्हण."

"काय?"

"दुसरी ओळ. कोण ते N?"

तिने दाराकडे पाहिलं, जणू आई अजून ओटीवर बसलीय. मान खाली घातली, पदर सावरला, आणि फार लाजून म्हणाली,

"एन."

३१ जानेवारी, शनिवार.

आज दुपारी कळवलं. पाठवायची कळ तिने दाबली, मी शेजारी बसलो होतो. जूनपासून दोन वर्षं. फॉर्ममध्ये नावाच्या रकान्यात तिने आधी सरिता लिहिलं, मग थांबली. मी म्हटलं, घर बदलतेयस, हवं ते ठेव. ती म्हणाली, आता एवढ्या कागदांवर कोण बदलणार, सरिता पण माझंच झालंय. पण पाठवून झाल्यावर टाळी वाजवली, तीच, पोरं लाट काढतात तेव्हाची.

वेणूताईने आनंदाने एक पापलेट पाठवलं आणि निरोप: पहिला ओटा सोडायचा नाही, पुण्याच्या यंत्रांतही मी पहिली पाहिजे. लाहू सरांनी शाळेतल्या यादीत नवा प्रोग्राम घातला, नाव SHANI, कारण आज शनिवार. मीही एक लिहिला, माझा पहिला. भाताच्या शिट्ट्या मोजतो. नाव NARU. चारच अक्षरं, चार जागा रिकाम्या. बघून सरिता इतकी हसली की पापलेट जरा लागलंच.

सगळं छान झालं. मला खरंच फार आनंद झाला आहे, हे मी खोटं लिहीत नाही.

यंत्रात मात्र खोटं लिहिलं. N शून्य नाही. तिने टाकलेला दहाच बरोबर होता. जूनमध्ये ती गेल्यावर या घरात एकट्याने कसं राहायचं ते मला माहीत नाही, आणि मला त्याची भीती वाटते.